करवतीचें पेट्रोल कशांत ठेवावें?

वादळानें पडलेलीं झाडें कापण्यास पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, म्हणजे चेनसॉ, आतां पुण्याच्या बाजारांतून पुष्कळ बागायतदार नेतात. करवत पारखून घेतली जाते. तिचें पेट्रोल मात्र खाद्यतेलाच्या जुन्या प्लास्टिकच्या डब्यांत राहतें. हें धोक्याचें आहे.

१९३४ च्या पेट्रोलियम कायद्याच्या ८ व्या कलमान्वयें विक्रीसाठीं नसलेलें पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंत परवान्यावांचून बाळगतां येतें. परंतु तें घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनी मातीच्या वा धातूच्या पात्रांत हवें. पहिलीं दोन १ लिटरहून व धातूचें २५ लिटरहून मोठें नसावें. प्लास्टिकचें नांव त्या कलमांत नाहीं.

रानांत काच व बरणी फुटते. यास्तव पेट्रोलकरितांच बनविलेला, जाड पत्र्याचा, ५ लिटरचा डबा घ्यावा. झाकण आट्याचें असून आंत रबरी चकती असावी. उष्णतेनें पेट्रोल फुगतें, म्हणून डबा काठोकाठ भरूं नये. भरतांना तो जमिनीवरच ठेवावा. वाहनांत ठेवून भरल्यास स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा संभव असतो.

पेट्रोलची वाफ हवेहून जड असून जमिनीलगत पसरते. सबब डबा चूल व पंपाचा स्टार्टर यांपासून दूर, मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा. करवत निवाल्यावरच तींत पेट्रोल घालावें व तेथून ३ मीटर दूर नेऊन ती सुरू करावी. पेट्रोलमध्यें तेल मिसळलें असल्यास डब्यावर तसें ठळक लिहावें.

डब्याचा खर्च करवतीच्या मानानें अल्प आहे. जळालेला गोठा मात्र एका हंगामांत उभा राहत नाहीं.