घरातली उघडी मूठ

घरोघरी मातीच्या चुली, असे आपण म्हणतो. आता बऱ्याच घरी गॅसची शेगडी आली. पण म्हण काही खोटी झाली नाही. चार भांडी एका जागी आली की आवाज होणारच. सासू-सुनेचा शब्दाला शब्द लागतो. भावाभावांत कुरबुर होते. नवरा-बायको दोन दिवस बोलत नाहीत. एवढ्याने घर मोडत नाही.

मग चांगली चाललेली घरे का मोडतात? कालपर्यंत एका ताटात जेवणारे भाऊ आज बांधावरून कोर्टात का जातात? नीट पाहिले तर बहुतेक वेळा तीन कारणे दिसतात. पैसा दिसत नाही. काम मोजले जात नाही. मनातले बोलले जात नाही. ही तिन्ही कारणे रोजची आहेत. म्हणून त्यांवरचे औषधही रोजचेच आहे.

पैसा कुठं गेला?

समजा, दोघे भाऊ एकत्र राहतात. कारभार थोरल्याकडे आहे. धाकटा शेतात राबतो. यंदा बारा क्विंटल सोयाबीन झाले. चार हजार रुपये भाव मिळाला. म्हणजे पट्टी झाली ४८,००० रुपयांची. धाकट्याने हा आकडा ऐकला. त्याच्या बायकोनेही ऐकला.

पुढे दिवाळी आली. धाकटा म्हणाला, "दादा, पोरांना कपडे घ्यायचेत. पैसे द्या."

थोरला म्हणाला, "पैसे कुठं आहेत?"

झाले! धाकट्याच्या मनात किडा शिरला. अठ्ठेचाळीस हजार आले, ते गेले कुठे? वहिनीच्या माहेरी तर गेले नाहीत?

आता हिशेब पाहू. बी-बियाणे आणि खते, १४,००० रुपये. खुरपणी, काढणी आणि मळणी, १०,००० रुपये. सोसायटीचा हप्ता, १२,००० रुपये. सगळे मिळून ३६,००० झाले. उरले १२,०००. त्यातच वर्षाचा किराणा, दवाखाना आणि शाळा.

थोरल्याने एक पैसाही खाल्ला नव्हता. पण त्याने हिशेब सांगितला नव्हता. धाकट्याला आलेला पैसा दिसला, गेलेला दिसला नाही. जे दिसत नाही, तिथे संशय उगवतो. पडीक रानात जसे गवत उगवते, तसा.

बाहेरच्या जगात झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. घरात मात्र झाकली मूठ भांडणाची.

यावर उपाय एका वहीचा आहे. शाळेच्या पोराची वही चालेल. डाव्या पानावर आलेले पैसे लिहा. उजव्या पानावर गेलेले लिहा. रोज जमले नाही तर आठवड्याच्या बाजारादिवशी लिहा. वही कुलपात ठेवू नका. फळीवर ठेवा. घरातल्या कुणालाही ती उघडता आली पाहिजे, सुनेलाही. आता तुम्हाला लिहिता येते. मग हे काम दुसऱ्यावर का सोडायचे?

कर्ज काढले असेल तर तेही वहीत लिहा. पुष्कळ घरांत कर्त्या माणसाचे कर्ज बायकोला ठाऊक नसते. तो एकटाच रात्रभर कूस बदलत राहतो. सांगितले तर चार डोकी मिळून वाट काढतील. न सांगितलेले कर्ज माणसाला आतून पोखरते.

न मोजलेले काम

पुरुष संध्याकाळी घरी येतो आणि म्हणतो, "दिवसभर राबलो." खरेच राबलेला असतो. पण घरातली बाई पहाटे पाचला उठलेली असते. पाणी, झाडलोट, शेण-गोठा, भाकरी, पोरांची शाळा. मग रानात खुरपणी. परत आली की पुन्हा चूल, भांडी, अंथरुणे. रात्री दहाला तिची पाठ टेकते. सतरा तास झाले. तरी कुणी विचारले तर आपण सांगतो, "ती घरीच असते."

सरकारने २०१९ साली देशभर पाहणी केली. कोण दिवसाचा वेळ कशात घालवतो, ते विचारले. सहा वर्षांवरच्या सर्वांची माहिती घेतली. घरकाम करणाऱ्या बायका शंभरात ८१ निघाल्या. पुरुष निघाले शंभरात २६. ज्या बायका घरकाम करत होत्या, त्यांचे दिवसाला २९९ मिनिटे त्यात जात होती. म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांचे जात होते ९७ मिनिटे.

या कामाला मजुरी नसते. म्हणून ते काम वाटत नाही. पण सून चार दिवस आजारी पडू द्या. मग सगळ्या घराला कळते.

काम मोजणे म्हणजे पगार देणे नव्हे. काम कळले पाहिजे आणि वाटले गेले पाहिजे. मुलाने आपले ताट आपण धुवावे. पुरुषाने पाणी भरावे, झाडून घ्यावे. त्यात कमीपणा कसला? सासूबाईंनी एखाद्या दिवशी म्हणावे, "आज तू बस, भाकरी मी टाकते." मग सूनही आपणहून म्हणेल, "आत्याबाई, पाय दुखतात ना? तेल लावून देते." माया अशी देण्याघेण्याने वाढते.

मनातले बोलावे कसे?

जेवताना भांडण काढू नये. दमून आलेल्या माणसापुढे गाऱ्हाणे मांडू नये. आठवड्यात एक संध्याकाळ ठरवा. सगळ्यांनी अर्धा तास एकत्र बसा. टीव्ही बंद, मोबाइल फळीवर. वही वाचा. पुढच्या आठवड्याची कामे ठरवा. मग ज्याला जे खुपते ते त्याने सांगावे. लहानांनाही बोलू द्यावे.

बोलताना आजचेच बोलावे. "तू नेहमी असंच करतोस," असे म्हटले की समोरचा चिडतो. "काल मोटार बंद करायची राहिली," असे म्हटले की तो ऐकतो. एकाचे गाऱ्हाणे दुसऱ्याच्या कानात घालू नये. धाकट्याचा राग थोरल्यालाच सांगावा, शेजाऱ्याला नको. शेजारी ऐकून घेतो, पण मिटवत नाही.

एक गोष्ट मात्र भांड्याला भांडे लागण्यातली नाही. ती म्हणजे मारहाण. दारू पिऊन बायकोवर हात टाकणे हा 'घरचा मामला' नव्हे, तो गुन्हा आहे. घरात होणाऱ्या छळापासून बाईला संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला. त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत. तातडीची मदत हवी असेल तर ११२ या नंबरावर फोन करावा. अशा वेळी "सोसून घे" असा सल्ला देणाऱ्यानेही पापात वाटा घेतलेला असतो.

म्हातारी माणसे

म्हाताऱ्यांना भाकरी मिळते, पण कुणी विचारत नाही. हे दुःख भुकेपेक्षा कमी नाही. पेरणीला निघताना "बाबा, वापसा आला का?" एवढे विचारले तरी म्हातारा खुलतो. त्याने पन्नास पावसाळे पाहिलेले असतात.

आईबापांना सांभाळणे हे मायेचे काम आहे. पण माया आटली तर कायदाही आहे. तो २००७ साली झाला. त्यानुसार आईबापांना प्रांत साहेबांकडे अर्ज करता येतो. मुलांनी महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत पोटगी द्यावी, असा हुकूम होऊ शकतो. ही पाळी कुठल्याच घरावर येऊ नये.

लेकीचा वाटा, बायकोचे नाव

जमिनीची गोष्ट निघाली की नाती ताणली जातात. म्हणून कायदा काय सांगतो, ते आधीच ठाऊक असावे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. महाराष्ट्राने हा बदल १९९४ साली केला. २००५ साली तो सगळ्या देशाला लागू झाला. हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख घरांना हा कायदा लागतो.

बहिणीला भाऊबीजेला साडी देतात आणि पुढे हक्कसोड पत्रावर सही मागतात. तिला वाटा सोडायचा असेल तर ती समजून-उमजून सोडेल. पण कागद कशाचा आहे, हे न सांगता सही घेऊ नये. फसवून घेतलेल्या सहीने गुंठा मिळतो, पण बहीण जाते.

घरात कुणी वारले तर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे खबर द्यावी. सगळ्या वारसांची नावे द्यावीत. बहिणींचीही आणि आईचेही.

बायकोचे नाव जमिनीला लावण्याची चळवळ महाराष्ट्रात झालेली आहे. १९८६ साली नाशिक जिल्ह्यात चांदवड येथे शेतकरी महिलांचा मोठा मेळावा भरला. तो शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने भरवला होता. पुढे संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' सुरू केली. नवऱ्याने आपणहून थोडी जमीन बायकोच्या नावे करायची, असे ठरले. जळगाव जिल्ह्यातले विटनेर हे त्यात पुढे आलेले गाव. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी अशी जमीन दिली. जिच्या नावाने सातबारा निघतो, तिचा शब्द घरात ऐकला जातो.

वेगळे निघायचे झाले तर

कधी कधी घर लहान पडते. माणसे वाढतात. मग वेगळी चूल मांडावी लागते. यात लाज नाही. रागाने निघू नये, हिशेबाने निघावे. आधी वही समोर ठेवा. जमीन वाटा, तसे कर्जही वाटा. आईबाप कुणाकडे राहणार, ते त्यांनाच विचारा. सगळ्यांचे एकमत असेल तर तहसीलदाराकडे अर्ज करून जमिनीची वाटणी करता येते. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि बांधावरची वाट कागदावर लिहून घ्या. तोंडी वाटणी बाप असेतो टिकते. पुढे नातवंडे त्यावरून भांडतात.

चूल वेगळी झाली तरी सणाला पंगत एक असू द्या. एकाच्या घरी दुखले-खुपले तर दुसरा रात्रीही धावून आला पाहिजे. असे भाऊ वेगळे राहूनही एकच असतात.

वाचून झाल्यावर घरात बोला

१. आपल्या घरात यंदा किती पैसे आले? हे कितीजणांना ठाऊक आहे?

२. घरात सर्वांत आधी कोण उठते? सर्वांत शेवटी कोण जेवते?

३. तिचे कोणते काम आजपासून दुसऱ्याला करता येईल?

४. आपल्या सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावे आहेत? कुणाचे राहिले आहे?

या चार प्रश्नांची उत्तरे एका पानावर लिहा. वहीचे ते पहिले पान होईल.