चर्चगेट की कलिना?

तीन-चार वर्षं नोकरी झाली, की एक किडा हमखास वळवळतो: एमए करूया! मुंबईतल्या मुलींसाठी मग कन्फ्युजन सुरू. मुंबई विद्यापीठ की एसएनडीटी? (मुलग्यांनो, सॉरी! महर्षी कर्वेंनी १९१६ मध्ये सुरू केलेलं हे मुळात महिला विद्यापीठ.)

नावाचं वजन म्हणाल, तर १८५७ चं मुंबई विद्यापीठ भाव खाऊन जातं. पण राजाबाई टॉवरखाली फोटो काढायची स्वप्नं जरा आवरा. टॉवर फोर्टला, आणि एमएचे बहुतेक विभाग सांताक्रूझ पूर्वेला, कलिनाच्या विद्यानगरीत. डोंबिवलीकरांनी कुर्ल्याला उतरून रिक्षा-बसची मारामारी करायची. तिथे मोठा कॅम्पस, मोठी लायब्ररी, ढीगभर विषय, हे मात्र खरं. एसएनडीटीचं मुख्य कॅम्पस चर्चगेट स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. ऑफिस नरिमन पॉइंटला असेल तर लॉटरीच! फक्त तुमचा कोर्स तिथे आहे की जुहूला, ते आधी विचारा.

डिग्री दोन्हीकडची चालते. खरी गोची टाइमटेबलची. भरदुपारी लेक्चर असेल तर नोकरी सोडणार? दोन वर्षं पगाराशिवाय? फॉर्म भरण्याआधी अर्धी सीएल टाका आणि थेट विभागात जाऊन धडका. लेक्चर कधी, हजेरी किती सक्तीची, कायमस्वरूपी शिक्षक किती, हे ऑफिसात नाही, कँटीनमधल्या सेकंड इयरच्या मुलींना विचारा. चहा तुमच्याकडून!