शीत हवामानातील काचगृहात आल्याच्या कुलातील वनस्पतींचे संवर्धन : कोकणच्या ऋतुचक्राच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

मीरा-भाईंदर परिसराच्या पश्चिम टोकाला, उत्तनच्या पुढे वसलेले चौक हे मच्छीमारांचे गाव चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेशी (१७३७–३९) निगडित असलेल्या धारावी किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या किनाऱ्याचे वैशिष्ट्य वेगळे आहे. येथे परसात हळदीचा एखादा गड्डा मातीत राहिला, तर त्याला फारसे काही करावे लागत नाही. वैशाखातील उकाड्यात डोळे फुगतात, मृगाच्या सरींनी कोंब वर येतात, श्रावणापर्यंत पाने हातभर लांब होतात आणि दिवाळीनंतर ती हळूहळू पिवळी पडून वाळतात. त्यानंतरचे काही महिने गड्डा कोरड्या मातीत स्वस्थ पडून असतो. हाच क्रम इंग्लंड किंवा जर्मनीसारख्या शीत देशातील काचगृहात उभा करायचा, तर त्यातील नेमका कोणता भाग आवश्यक आणि कोणता गौण, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ हौशी बागकामाचा नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी, कोकणी व गोव्याच्या कुटुंबांना नागपंचमीच्या किंवा गणेशचतुर्थीच्या सुमारास हळदीची ताजी पाने हवी असतात. तांदळाच्या पिठाचे वाटण पानावर सारवून, आत नारळ-गुळाचे सारण भरून, पान दुमडून उकडलेल्या पातोळ्यांना त्या पानाचाच गंध असतो. गोव्यातील ख्रिस्ती कुटुंबांत १५ ऑगस्टच्या सणाला हाच पदार्थ होतो. हळकुंड व हळदपूड जगभर मिळते; पान मात्र तोडल्यावर फार टिकत नाही आणि गोठवलेल्या पानाला ताज्या पानाची सर येत नाही. म्हणून ते घरीच वाढवणे हा खात्रीचा मार्ग ठरतो, आणि तेही ठरावीक तिथीपर्यंत.

सुप्तावस्थेचे स्वरूप

झिंजिबरेसी, अर्थात आल्याच्या कुलात सुमारे ५० प्रजाती व दीड हजारांहून अधिक जाती मोडतात. आपण ज्याला गड्डा म्हणतो तो शास्त्रीय परिभाषेत मूलक्षोड, म्हणजे जमिनीखाली आडवे वाढणारे खोड होय. त्यावरील डोळ्यांतून नवे कोंब फुटतात. हळद, आले, रानहळद, भुईचाफा आणि सह्याद्रीच्या सड्यांवरील चवर या वनस्पती कोरड्या ऋतूत जमिनीवरील सर्व अवयव टाकून देतात. सुप्तावस्था ही त्यांची मोसमी पावसाशी झालेली जुळवणूक आहे. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात पडणारा सरासरी पाऊस लंडनच्या वर्षभराच्या पावसाहून अधिक असतो. त्याउलट डिसेंबर ते मे या काळात येथे जवळजवळ पाऊस नसतो. ज्या वनस्पतीला वर्षातील निम्मा काळ पाण्याविना काढायचा आहे, तिने खोड जमिनीत दडवणे स्वाभाविकच होय.

या गुणानेच या वनस्पतींचा जगप्रवास सुकर झाला. इंग्लंडच्या नाथानिएल वॉर्डची बंद काचपेटी १८३०च्या दशकात प्रचारात येण्यापूर्वी जिवंत रोपे जहाजातून नेणे जिकिरीचे काम होते. आल्याच्या सुप्त गड्ड्याला मात्र त्या पेटीची गरज नव्हती. स्पॅनिश लोकांनी १६व्या शतकातच आले कॅरिबियन बेटांवर नेऊन तेथे त्याची लागवड केली. पुढे लिव्हरपूल येथील विल्यम रॉस्को या पेढीमालक विद्वानाने तेथील वनस्पती उद्यानाच्या तापविलेल्या काचगृहांत या गटातील वनस्पती वाढवून घेतल्या आणि १८२४ ते १८२८ या काळात त्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत जॉन ग्रॅहम यांची मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची १८३९ मध्ये छापली गेली; चवरीला शास्त्रीय नाव देण्याचे श्रेय त्यांच्याकडेच जाते. रॉस्कोच्या नावाने ओळखली जाणारी रॉस्कोइया ही हिमालयीन प्रजाती मात्र इंग्लंडमध्ये उघड्यावरही तग धरते. 'आल्याचे कुल म्हणजे उष्ण कटिबंध' हे समीकरण सरसकट खरे नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

काचगृहात काय बदलते

तापमान व प्रकाश या दोन बाबी येथे निर्णायक आहेत. हळद व आले यांचे डोळे फुटण्यास २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान उत्तम असते. १५ अंशांखाली वाढ जवळपास थांबते आणि सुमारे १२ अंशांखाली दीर्घकाळ राहिल्यास गड्ड्याच्या पेशींना इजा होते. चौक येथे पारा १० अंशांखाली जाण्याचे प्रसंग विरळ. तेथे सुप्त गड्डा कोरडा असतो, पण उबेत असतो. शीत देशात हिवाळा थंड आणि ओला असे दुहेरी संकट आणतो. कुंडीतील माती ओली राहिली की बुरशी शिरते व गड्डा कुजतो. पाने वाळली म्हणून रोपाला पाणी कमी पडले असावे, अशा समजुतीने हिवाळ्यात पाणी घालत राहणे हे अपयशाचे सर्वांत सामान्य कारण आहे.

प्रकाशाचे गणित अधिक रंजक आहे. चौकच्या अक्षांशावर सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान दिवसांत जेमतेम सव्वादोन तासांचे अंतर असते. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांहून मोठा, तर डिसेंबरचा आठ तासांहूनही लहान. हळदीच्या प्रजातीतील काही जातींमध्ये दिवस लहान होणे हाच सुप्तावस्थेचा संकेत असल्याचे आढळले आहे. त्यामुळे सप्टेंबरनंतर काचगृह कितीही तापवले, तरी पाने पिवळी पडू लागतात. त्यांच्याशी झगडण्यात अर्थ नाही.

येथेच एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. सुप्त गड्ड्याला प्रकाश लागत नाही. मग हिवाळाभर संपूर्ण काचगृह तापवण्याचा खर्च कशासाठी? कुंडीतील माती कोरडी होऊ द्यावी आणि कुंडी घरातीलच एखाद्या कपाटात, साधारण १५ अंशांच्या आसपास ठेवावी. काचगृहाची खरी गरज उरलेल्या सात-आठ महिन्यांपुरतीच असते.

पातोळ्यांसाठी ऑगस्टमध्ये पाने हवी असतील, तर मे महिन्यातील नैसर्गिक उबेची वाट पाहून चालत नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या आरंभी गड्ड्याचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे किंचित ओलसर नारळाच्या भुश्यात ठेवून घरातील उबदार जागी कोंब आणावेत. वैशाखाचा उकाडा तो हाच. तो फक्त दिव्याखाली किंवा तापकाच्या शेजारी आणायचा. कोंब दिसेपर्यंत पाणी अगदी बेताने द्यावे. एप्रिलअखेर रोपे काचगृहात हलवावीत आणि पाने उलगडल्यावर मात्र पाण्यात हात आखडू नये. गड्डा आडवा वाढत असल्याने कुंडी खोल असण्यापेक्षा रुंद असणे महत्त्वाचे. सातारा जिल्ह्यातील आले-उत्पादक उटाळणी करून मातीची भर देतात; कुंडीत तेच काम वरून कुजलेल्या खताचा थर देऊन साधते. उन्हाळ्यात बंद काचगृहातील हवा तापून कोरडी होते व पानांवर लाल कोळी पडतो. त्यावर फरशी ओली ठेवणे, झडपा उघडणे आणि दुपारी काचेवर सावली करणे हे उपाय पुरेसे ठरतात.

सोनटक्क्याचा अपवाद

वरील क्रम सोनटक्क्याला लागू पडत नाही. पूर्व हिमालयाच्या परिसरातून आलेली आणि कोकणात घरोघरी रुळलेली ही वनस्पती ओलाव्याची आहे; तिला पूर्ण कोरडे पाडल्यास गड्डा सुकतो. थंडी ती हळदीपेक्षा अधिक सोसते, पण फुलोरा येण्यास तिला दीर्घ ऊब लागते. शीत देशात तिच्या कळ्या बहुधा शरद ऋतूच्या अखेरीस येतात आणि पहिल्या गारठ्यात न उमलताच गळतात. म्हणून काचगृहातील उपलब्ध ऊब मर्यादित असेल, तर ती शरदात सोनटक्क्यासाठी राखून ठेवावी. सौम्य हवामानात मात्र हीच वनस्पती आवरत नाही. क्यूबाचे राष्ट्रीय फूल म्हणून मान मिळालेला सोनटक्का हवाई बेटांवर उपद्रवी तण म्हणून गणला जातो. काचगृहातून काढलेले जादा गड्डे ओढ्याकाठी टाकून देण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

गड्डे मिळवण्याविषयी एक सूचना आवश्यक आहे. मायदेशातून सामानात गड्डे घेऊन जाणे हे वनस्पती-विलगीकरणाच्या नियमांत बसत नाही. लागवडीसाठीच्या वनस्पतींना आरोग्य-प्रमाणपत्र लागते. त्या देशातील रोपवाटिकांतून, किंवा तेथील भारतीय किराणा दुकानात भाजी म्हणून विकल्या जाणाऱ्या ओल्या हळदीतून, टणक व फुगीर डोळ्यांचा गड्डा निवडता येतो. चवर व रानहळद यांच्या बाबतीत तर सड्यांवरून उपटलेले गड्डे कोणीही स्वीकारू नयेत. पूर्वी चवरीच्या गड्ड्यांपासून तवकिरासारखे पीठ काढले जाई. आज पर्यटन व बांधकाम यांमुळे तिचे अधिवासच आक्रसत आहेत.