पुढचा स्टॉप खिचडी

सकाळी ७. दुसरीतल्या मुलाच्या आईचा फोन. नवा गणवेश अंगातून काढून फेकतोय. "कॉलरमागचं लेबल कापा, शर्ट दोन-तीनदा धुवून मऊ करा. आज जुनाच घाला, गुरुजींशी मी बोलते." स्वमग्न मुलाला शिवण टोचते म्हणजे खरोखर टोचते, तो हट्ट नसतो. हे मला आठवड्यातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगावं लागतं.

९.३०. मी गट साधन केंद्राची विशेष शिक्षिका. माझी शाळा एक नाही, रोज वेगळी. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं प्राथमिक वर्गांत विशेष गरजा असलेल्या १० मुलांमागे एक विशेष शिक्षक धरला. माझ्या वहीतली नावं त्याहून कितीतरी जास्त आहेत. आळेफाट्यावर पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे रस्ते एकमेकांना छेदतात. कांद्याचे ट्रक, एसट्या, हॉर्न. तो सकाळचा मुलगा इथूनच वडिलांच्या गाडीवर जातो, दोन्ही हात कानांवर गच्च दाबून.

१०.२०. परिपाठ. पहिले दोन महिने घंटा झाली की हा किंचाळत फाटकाबाहेर पळायचा. मग एक दिवस गुरुजींनी टोल द्यायचा हातोडा त्याच्याच हाती दिला. आवाज तेवढाच राहिला, पण तो कधी होणार हे आता त्याला ठाऊक असतं. आज त्यानं सात टोल मोजून दिले आणि हातोडा खिळ्याला अडकवून रांगेत जाऊन उभा राहिला. मी हे प्रशिक्षणात शिकले होते, पण सुचलं गुरुजींना.

११.३०. तो सहसा स्वतःचं वाक्य जुळवत नाही, ऐकलेलं परत म्हणतो. फाट्यावर कंडक्टरचं ऐकून दिवसभर "नारायणगाव, मंचर, खेड, चाकण, पुणे" चालायचं. मुलं हसायची. ते बंद करा, असा निरोप मला आला होता. मला त्या यादीत त्याची गरज ऐकू आली: पुढं काय येणार ते आधी कळू दे. म्हणून त्याचं वेळापत्रक आम्ही बसच्या पाटीसारखं केलं. पुठ्ठ्यावर ओळीनं चित्रं: परिपाठ, मराठी, गणित, खिचडी, खेळ, घर. एक झालं की चित्र काढून पाकिटात टाकायचं. आज गणित आटोपलं, त्यानं चित्र टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुढचा स्टॉप खिचडी." असं कुठलाच कंडक्टर म्हणत नाही. हे त्याचं होतं.

१२.४५. पंगतीत कडेची जागा त्याची. मावशी वाटाणे वेचून ताट वाढतात, आधीच, म्हणजे निवतं.

२.१५. मळ्यातली वस्ती, चहूकडे ऊस. नऊ वर्षांच्या मुलीला अजून वर्गात बसणं सोसत नाही, म्हणून घरी शिकवते. ती बोलत नाही, आणि नजर चुकली की चालू लागते. जुन्नरमध्ये ऊस म्हटलं की बिबट्या आठवतो, पण मला धाक आहे शेततळ्याचा. स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांना पाण्याची फार ओढ असते, आणि प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला तर मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. पावसाळ्यापासून मागे लागले होते, या आठवड्यात चुलत्यांनी जाळी मारली. आधी ती हलवून पाहिली, मग पुस्तक उघडलं.

आजी म्हणाली, "बाई, माउलींनी रेड्याला बोलतं केलं, मग माझ्या नातीला का नाही?" त्या रेड्याची समाधी आळ्यातच आहे आणि आजीनं तिथं नवस बोललाय. मी तिला अडवत नाही. फक्त एवढंच मागते, की पोरीनं तांब्याचं चित्र हातात दिल्याशिवाय पाणी द्यायचं नाही. आजीला हे फार जड जातं. पोर माठाकडे बघतेय आणि आपण थांबायचं! आज ती थांबली. चित्र हातात आलं. आजीनं तांब्या पुढं केला आणि पदर डोळ्यांना लावला.

४.३०. एक वडील केंद्रावर वाट बघत बसलेले. एका शाळेनं त्यांच्या स्वमग्न मुलाला "खास शाळेत घाला" म्हणून परत पाठवलं. १९९५ च्या अपंग कायद्यात स्वमग्नतेचं नावही नव्हतं. अशा अनेक मुलांच्या अपंगत्वाच्या दाखल्यांवर सरळ 'मतिमंद' लिहिलं जाई. २०१६ च्या कायद्यानं २१ प्रकार मानले, त्यात ती आली, आणि मान्यताप्राप्त शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यावा हेही आलं. दाखल्यासाठी ४० मुद्द्यांची तपासणी होते. पुण्याच्या एका खेपेत त्यांचा रोज बुडतो, म्हणून सगळी कागदपत्रं एकदाच जुळवून दिली. मुख्याध्यापकांनाही मी दोषी धरत नाही. एका वर्गात चाळीस मुलं, त्यांना भीती वाटणारच. सोमवारी त्यांच्याकडे कायदा घेऊन जाईन, पण आधी सांगेन की पहिला महिना आठवड्यातून दोन दिवस मी त्या वर्गात बसते. नाव पटावर लागलं आणि मूल ओट्यावरच बसून राहिलं, असं मी पाहिलंय.

रात्री ९. उद्या शनिवार, सकाळची शाळा. गणित नाही, कवायत आहे. पाटी बदलायची तर ती त्याला झोपण्याआधी दिसायला हवी. चित्रं काढली, ओळीनं मांडली, फोटो आईला पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं: "मॅडम, घंटा कुठंय म्हणून विचारतोय."

घंटेचं चित्र मी कधी काढलंच नव्हतं. उठले, पुठ्ठा कापायला घेतला.