सीमा ओलांडली, पुढे काय?

हिमाचलमधल्या धर्मशाळा इथल्या निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या कागदांवर एक पत्ता अजूनही जुनाच आहे : नॉर्ग्येलिंग, भंडारा. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले, अर्जुनी मोरगाव तालुका गोंदियात गेला आणि त्याच्यासोबत गोठणगाव-प्रतापगड परिसरातली ही तिबेटी वसाहतही गेली. तिबेट्यांनी मात्र भंडारा हे नाव सोडलं नाही. १९७२ साली ज्या जिल्ह्यानं त्यांना जागा दिली, त्याचंच नाव ते लावतात.

महाशिवरात्रीला प्रतापगडच्या यात्रेला जाणाऱ्या झाडीपट्टीतल्या माणसाला हा ‘तिबेटी कॅम्प’ ठाऊक असतो. उरलेल्या विदर्भाला ही माणसं हिवाळ्यात भेटतात, स्वेटर आणि शाली विकताना. आपण भाव करतो, स्वेटर अंगाला लावून पाहतो आणि पुढे जातो. हिमालयापलीकडची ही माणसं इटियाडोह धरणाच्या काठी, धानाच्या मुलखात कशी येऊन पोचली, हे विचारायचं राहून जातं. विचारायला हवं, कारण जुलमी राजवटीतून सुटलेल्या माणसाला वाचवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर विदर्भाच्याच मातीत आहे.

सुटकेची गोष्ट आपण बहुधा पळून जाण्याच्या रात्रीपुरती सांगतो. तिबेटच्या बाबतीत ती रात्र १७ मार्च १९५९ ची. चिनी फौजा १९५० मध्ये तिबेटात शिरल्या होत्या. मे १९५१ मध्ये सतरा कलमी करार तिबेटी प्रतिनिधींच्या गळी उतरवला गेला आणि स्वायत्ततेचं आश्वासन कागदावरच राहिलं. १० मार्च १९५९ रोजी ल्हासात हजारो माणसं नोर्बुलिंगका राजवाड्याभोवती जमली. दलाई लामांना चिनी छावणीत नेऊन पकडतील, अशी त्यांना भीती होती. आठवड्याभरानं तेवीस वर्षांचे दलाई लामा साध्या शिपायाच्या वेशात, चष्मा उतरवून, खांद्यावर बंदूक अडकवून राजवाड्याबाहेर पडले. त्यांनी क्यीचू नदी ओलांडली आणि दोन आठवडे डोंगरांतून चालत, घोड्यांवरून प्रवास करत ३१ मार्चला ते तवांगच्या दिशेनं भारताच्या हद्दीत आले. वाटेत खाम प्रांतातले सशस्त्र तिबेटी बंडखोर त्यांच्या संरक्षणाला होते. सीमेच्या अलीकडे आसाम रायफल्सचे जवान त्यांची वाट पाहत होते. ३ एप्रिलला पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत आश्रय दिल्याचं जाहीर केलं.

इथे भंडाऱ्याशी जोडलेली एक जुनी गोष्ट सांगायलाच हवी. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर उभे होते आणि पराभूत झाले. त्यानंतर काही महिन्यांतच, २६ ऑगस्ट १९५४ रोजी, राज्यसभेत परराष्ट्र धोरणावर बोलताना त्यांनी तिबेटचा प्रश्न काढला. त्याच वर्षी भारतानं चीनशी केलेल्या तिबेटविषयक करारात पंचशील तत्त्वं घातली होती. माओंचा पंचशीलावर खरोखर विश्वास असता, तर स्वतःच्या देशातल्या बौद्धांना त्यांनी वेगळं वागवलं असतं, असं बाबासाहेबांनी सुनावलं. तेव्हा ते फार कोणी मनावर घेतलं नाही. पाच वर्षांनी ल्हासात तोफा डागल्या गेल्या. आणि ज्या जिल्ह्यातून बाबासाहेब लोकसभेत जाऊ शकले नाहीत, त्याच जिल्ह्यात अठरा वर्षांनी तिबेटी बौद्धांची वसाहत उभी राहिली. हा योगायोगच, पण भंडारेकरांनी तो विसरू नये.

दलाई लामांच्या मागोमाग सुमारे ऐंशी हजार तिबेटी आले. आसामात मिसामारी इथे घाईघाईनं बांबूच्या झोपड्यांची छावणी उभारली गेली. थंड, कोरड्या पठारावरची माणसं दमट उकाड्यात आली, अंगावर लोकरीचे जाड चुबे (तिबेटी झगे), पोटात न सोसणारं पाणी आणि अन्न. रोगराईनं अनेकजण दगावले. चिनी गोळीतून वाचलेला माणूस छावणीतल्या हगवणीनं मेला, तर त्याला आपण वाचवलं असं कसं म्हणायचं? हा प्रश्न तेव्हा काम करणाऱ्या सगळ्यांच्याच पुढे होता. आचार्य कृपलानींच्या अध्यक्षतेखाली मदत समिती स्थापन झाली. निर्वासितांना थंड हवेत न्यायचं म्हणून सिक्कीम, हिमाचल अशा डोंगराळ भागांत रस्ते बांधण्याच्या कामावर पाठवलं. हवा मानवली, पण दरडी कोसळत होत्या, सुरुंग फुटत होते आणि आईबाप खडी फोडत असताना लहान मुलं रस्त्याच्या कडेला बसून असत. हे फार दिवस चालण्यासारखं नव्हतं.

मग जो निर्णय झाला, तो मला या सगळ्या कहाणीतला सर्वात शहाणपणाचा वाटतो. दलाई लामांचा आग्रह होता की तिबेट्यांना विखरून टाकू नये. गट करून वसवावं, म्हणजे भाषा, धर्म आणि माणूसपण टिकेल. नेहरूंनी ते मान्य केलं, मुलांसाठी वेगळ्या शाळा काढायला सांगितलं आणि राज्यांकडे जमीन मागितली. पहिला मोठा होकार म्हैसूर राज्याचा. तिथल्या सरकारनं बैलकुप्पे इथे सुमारे तीन हजार एकर जंगल दिलं. पुढे आत्ताच्या छत्तीसगडमधलं मैनपाट, ओडिशातलं चंद्रगिरी, कर्नाटकातलं मुंडगोड अशा वसाहती होत गेल्या. महाराष्ट्राच्या वाट्याला आली ती नॉर्ग्येलिंग.

साल लक्षात घ्या : १९७२. महाराष्ट्र त्या वर्षी स्वातंत्र्योत्तर काळातल्या सर्वात भीषण दुष्काळात सापडला होता. लाखो माणसं रोजगाराच्या कामांवर खडी फोडत होती, जनावरं विकली जात होती. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. अशा वर्षी परक्या देशातून आलेल्या माणसांसाठी जमीन काढून देणं सोपं नसतं. आपल्याच लोकांना पुरत नाही, ही ओरड तेव्हाही होऊ शकली असती आणि ती अगदीच खोटी ठरली नसती. तरी जमीन दिली गेली. पूर्व विदर्भाचा तळ्यांचा, जंगलाचा, विरळ वस्तीचा हा टापू त्यासाठी निवडला गेला. जवळच गाढवी नदीवर इटियाडोह धरण होतं.

ल्हासा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरहून उंच. अर्जुनी मोरगावचा मे महिना पंचेचाळीस अंशांकडे झुकतो. जव पेरणाऱ्या आणि याक पाळणाऱ्या माणसांना चिखलात उतरून धानाची रोवणी शिकावी लागली. पाऊस कधी येतो, बांधी कशी धरायची, परहं किती दिवसांचं झालं की उपटायचं, हे तिबेटी भाषेच्या कुठल्या पोथीत नव्हतं. शेतीवर भागेना, तेव्हा बहुतेक सगळ्या तिबेटी वसाहतींनी धरलेली वाट इथेही धरली गेली. पंजाबातून, विशेषतः लुधियान्यातून लोकरी कपडे उधारीवर आणायचे, हिवाळाभर शहरात राहून विकायचे आणि उधारी फेडून घरी परतायचं. ल्होसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, तोवर हंगाम संपलेला असतो. दिवाळीनंतर वसाहती ओस पडतात आणि मागे राहतात म्हातारी माणसं, भिक्खू आणि शाळेतली मुलं.

विदर्भाला निर्वासित नवे नव्हते. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगरसारख्या बंगाली वसाहती आहेत. पूर्व पाकिस्तानातून उखडलेल्या हिंदू शेतकऱ्यांच्या त्या वसाहती. त्याही आधी, १९४३ ते १९४८ या काळात, कोल्हापूरजवळ वळिवडे इथे सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहून गेली. स्टालिनच्या राजवटीनं सैबेरियात हाकललेली ही कुटुंबं इराणमार्गे करवीर संस्थानात आली होती आणि त्यांच्यातल्या मुलांनी म्हातारपणीही कोल्हापूरची आठवण काढली. आश्रय देण्याचं हे काम महाराष्ट्रानं पुन्हा पुन्हा केलं आहे. त्याचा अभिमान आपण फारसा मिरवत नाही, ही खंत आहे.

तिबेटातून सुटण्याची वाट १९५९ नंतर बंद झाली नव्हती. १९८० नंतर नेपाळमार्गे पुन्हा माणसं येऊ लागली. मुख्य रस्ता नांगपा ला या खिंडीचा, उंची ५,७१६ मीटर. वाटाड्याला पैसे द्यायचे, रात्री चालायचं, दिवसा दडून राहायचं. हिमदंशानं पायाची बोटं गेलेली मुलं काठमांडूच्या स्वागत केंद्रात पोचत. त्यांतली कित्येक एकटीच येत. तिबेटी भाषेत शिकायला मिळावं म्हणून आईबापांनी त्यांना पाठवलेलं असे, पुन्हा भेट होईल याची खात्री नसताना. संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि नेपाळ सरकार यांच्यात एक अलिखित समजूत होती : आलेल्यांना भारतात जाऊ द्यायचं. मग काठमांडूहून दिल्ली आणि दिल्लीहून धर्मशाळा. एके काळी वर्षाला दोन-तीन हजार माणसं अशी येत.

अलिखित समजुतीचा दोष असा की ती कधीही मोडता येते. ३१ मे २००३ रोजी नेपाळनं अठरा तिबेट्यांना परत चीनच्या हवाली केलं. ३० सप्टेंबर २००६ रोजी नांगपा ला खिंडीत बर्फातून चालणाऱ्या रांगेवर चिनी सीमा सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि सतरा वर्षांची भिक्खुणी केलसांग नामत्सो जागीच गेली. परदेशी गिर्यारोहक पाहत होते. एकानं चित्रण केलं, म्हणून जगाला कळलं. तिबेटातल्या २००८ च्या उठावानंतर पहारा इतका आवळला गेला की आता वर्षाला काही डझन माणसं आली तरी पुष्कळ. जुलूम मात्र कमी झालेला नाही. २००९ पासून दीडशेहून अधिक तिबेट्यांनी स्वतःला जाळून घेतलं. सुमारे दहा लाख तिबेटी मुलांना निवासी शाळांत घालून घरापासून आणि भाषेपासून तोडलं जात आहे, असं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये म्हटलं.

म्हणून आता जे इथे आहेत, त्यांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे येतो. इथे भारताचं वागणं मनानं मोठं आणि कागदावर तोकडं आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी आपला स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे तिबेटी माणूस कायद्याच्या भाषेत परदेशी नागरिक ठरतो. त्याच्याजवळ नोंदणी प्रमाणपत्र असतं, त्याची मुदत संपत आली की नूतनीकरण करायचं. परदेशी जायचं तर पिवळ्या रंगाचं ओळखपत्र. जमीन त्याच्या नावावर होत नाही. केंद्राच्या २०१४ च्या तिबेटी पुनर्वसन धोरणानं राज्यांना वीस वर्षांचे भाडेपट्टे करून द्यायला आणि रोजगार हमी, रेशन अशा योजनांचा लाभ द्यायला सांगितलं. ते चांगलंच झालं. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. अंमल राज्याच्या मर्जीवर.

नागरिकत्वाचा गुंता तर खास नॉर्ग्येलिंगच्या पिढीचा आहे. २६ जानेवारी १९५० ते ३० जून १९८७ या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती आपल्या कायद्यानुसार जन्मानंच भारतीय. म्हणजे वसाहत उभी राहिल्यापासून पहिली पंधरा वर्षं इथे जन्मलेलं प्रत्येक मूल भारताचं नागरिक आहे. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये ते स्पष्ट केलं. त्यावर २०१७ मध्ये सरकारनं पासपोर्टसाठी अटी घातल्या : नोंदणी प्रमाणपत्र परत करा, तिबेटी प्रशासनाचे लाभ सोडा आणि वसाहतीतही राहू नका. गोठणगावच्या मातीत जन्मलेल्या माणसानं आपण भारतीय आहोत हे सिद्ध करण्यासाठी गोठणगाव सोडायचं, ही अट अन्यायाची आहे. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत बौद्धांचा उल्लेख आहे, पण तो पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून आलेल्यांचा, तिबेटचा नाही.

सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सांगितलं की जगण्याचा हक्क या देशातल्या प्रत्येक व्यक्तीला आहे, नागरिक असो वा नसो. त्या निकालाच्या आधारानं संसदेला आश्रयाचा कायदा करता आला असता. शशी थरूर यांनी २०१५ आणि २०२२ मध्ये तशी खासगी विधेयकं मांडली. ती पुढे सरकली नाहीत. कायदा आला की नकारही देता येतो, अटीही घालता येतात, सुरक्षेची तपासणीही करता येते. पण ज्याच्या जिवाला धोका आहे त्याला परत ढकलायचं नाही, हे कागदावर येतं आणि पुढच्या सरकारच्या मर्जीवर राहत नाही.

भंडारा-गोंदियाच्या खासदारानं हा विषय संसदेत काढावा, असं मला मनापासून वाटतं. देशात फार थोड्या मतदारसंघांना त्यावर बोलण्याचा इतका अधिकार आहे. वाचकहो, तुमच्याकडे मत मागायला येणाऱ्याला हे विचारा. नॉर्ग्येलिंगच्या जमिनीचा भाडेपट्टा आणि तिथे जन्मलेल्यांचे पासपोर्ट, हे दोन प्रश्न नावानिशी विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.