आधी घर, मग हापसा

वर्गातल्या पडद्यावर उपग्रहाने टिपलेलं चित्र उघडलं, की सहावी-सातवीची मुलं हिमालय शोधत नाहीत. ती घर शोधतात. ‘तो बघ आमचा गोठा’, ‘ते निळे पत्रे शाळेचे’, ‘मग विहीर कुठाय?’ असा गलका पाच-दहा मिनिटं चालतो. जाणता शिक्षक तो थांबवत नाही. घर सापडलं की मूल आपसूक पुढे सरकतं. ओढ्याकाठचा हिरवा पट्टा, त्यापलीकडचा पिवळा माळ, उंचवट्यावर दाटीने बसलेलं गावठाण दिसू लागतं. गावठाण ओढ्यालगत नाही, उंचावर का, हा प्रश्न मग कुणीतरी विचारतंच.

यासाठी लागणारी साधनं आता फुकट आहेत. इस्रोचं ‘भुवन’ संकेतस्थळ ऑगस्ट 2009 पासून सुरू आहे. 1767 साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलनिर्देशक नकाशेही घरबसल्या उतरवून घेता येतात. 1:50,000 प्रमाणाच्या त्या नकाशावर 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. हा नकाशा आणि उपग्रहाचं चित्र शेजारी-शेजारी ठेवले, तर समोच्च रेषा समजवायला फळ्यावर कांद्याच्या चकत्या काढाव्या लागत नाहीत.

खरी गंमत जुनं आणि नवं चित्र ताडून पाहण्यात आहे. पुण्याचा आंबिल ओढा घ्या. कात्रजच्या बाजूने निघून शहराच्या दक्षिण भागातून वाहत तो मुठेला मिळतो. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री मुसळधार पावसाने त्याला पूर आला, भिंती कोसळल्या, वस्त्यांत पाणी घुसलं आणि शहर-परिसरात वीसहून अधिक माणसं दगावली. गूगल अर्थवर मागच्या वर्षांची चित्रं पाहायची सोय आहे. ओढ्याच्या काठाकाठाने बोट फिरवत वर्षं मागे नेली, तर कुठे हिरवळ गेली, कुठे बांधकाम पाण्याला येऊन भिडलं, हे सातवीच्या मुलालाही दिसतं. तिथवर तास भूगोलाचा. ‘इथे बांधायला परवानगी कुणी दिली?’ असं एखादी मुलगी विचारते, तेव्हा विषय बदललेला असतो. महापालिका, नगररचना, पूररेषा, नगरसेवक हे सगळे त्या एका प्रश्नामागून वर्गात येतात.

आपल्या वेळापत्रकात मात्र भूगोल आणि नागरिकशास्त्र हे दोन विषय वेगळ्या खोल्यांत राहतात. दहावीच्या सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्राला 40 गुण, भूगोलाला 40, पुस्तकं दोन आणि पुष्कळदा शिक्षकही दोन. ओढ्याला ही वाटणी ठाऊक नसते.

खेड्यात हेच काम हापशापासून सुरू करता येतं. चौघांचा एक गट, गटाला एकच फोन. प्रत्येक हापशापाशी थांबायचं आणि चालू की बंद, पाणी गोड की मचूळ, जवळच्या घरापासून पावलं किती, हे वहीत उतरवायचं. उघड्या आभाळाखाली फोन जागा काही मीटरच्या फरकाने बरोबर दाखवतो, तेवढं पुरे. वर्गात परतल्यावर चालू हापशांना निळं टिंब, बंद हापशांना लाल. झाला टिंब पद्धतीचा नकाशा, जो नववीच्या पुस्तकात परीक्षेसाठी पाठ केला जातो. सगळी लाल टिंबं एकाच वस्तीत का दाटली, याचं उत्तर मात्र पुस्तकात नसतं. ते कधी खडकात सापडतं, कधी गावच्या राजकारणात.

पुढची पायरी ई-ग्रामस्वराज. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या या संकेतस्थळावर ग्रामपंचायतींचे विकास आराखडे पाहता येतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी गावांना दिलेल्या अनुदानातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी राखून ठेवला होता. ग्रामपंचायतीत ज्याला ‘बंधित निधी’ म्हणतात, तो हाच. मुलांचा नकाशा आणि पंचायतीचा आराखडा एकमेकांशेजारी ठेवले, की सहावीत वाचलेली ‘ग्रामीण स्थानिक शासन संस्था’ पहिल्यांदा खरी वाटू लागते. सरपंचांना प्रश्न विचारताना मुलांच्या हाती तक्रार नसते, मोजणी असते. मोठ्यांनाही हे जमलं तर बरं.

कोलकात्यात असं घडलेलं आहे. ऋषी अरविंद कॉलनी ही तिथली झोपडवस्ती नकाशावर नव्हतीच. ‘प्रयासम’ संस्थेच्या मुलांनी गल्लोगल्ली फिरून हाताने नकाशा काढला आणि पोलिओच्या डोसापासून पिण्याच्या पाण्यापर्यंतच्या मोहिमा त्याच्या आधारे चालवल्या. 2013 चा ‘द रिव्होल्युशनरी ऑप्टिमिस्ट्स’ हा माहितीपट त्याच मुलांवर आहे. नैरोबीच्या किबेरा वस्तीतही 2009 साली तिथल्याच तरुणांनी जीपीएस यंत्रं घेऊन आपल्या गल्ल्या नकाशावर आणल्या.

नकाशावर विश्वास किती ठेवायचा, हेही याच तासाला शिकवावं. 1569 च्या मर्केटर प्रक्षेपणात ग्रीनलंड आफ्रिकेएवढा भासतो, प्रत्यक्षात आफ्रिका चौदापट मोठी आहे. गूगल मॅप्सवर वादग्रस्त सीमा कुठल्या देशातून पाहता त्यानुसार वेगळ्या दिसतात. त्या सीमांपलीकडची मुलंही वर्गात आणता येतात. 2020 चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळवणारे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले पाठ्यपुस्तकांवरच्या क्यूआर कोडसाठी सगळ्यांना माहीत आहेत. भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा भांडणाऱ्या देशांतल्या मुलांना पडद्यावर समोरासमोर बसवणारा त्यांचा उपक्रम मात्र तेवढा बोलला गेला नाही. नागरिकशास्त्राच्या दृष्टीने तोच मोलाचा. कोड स्कॅन करून चित्रफीत पाहणारं मूल अखेर प्रेक्षकच असतं. समोरच्या मुलाशी बोलताना त्याला स्वतःचा देश समजावून सांगावा लागतो.

अडचणी आहेतच. कित्येक शाळांत पडदा असतो पण वीज नसते, वीज असते तेव्हा नेटवर्क नसतं. नकाशे आधीच उतरवून ठेवले, छापून घेतले, तर निम्मं काम निभावतं. एक पथ्य मात्र कडक पाळायला हवं. कुणाचं घर, कुणाची जात, कुठली मुलगी कुठे राहते, हे कुठल्याही नकाशावर चढवायचं नाही. सार्वजनिक गोष्टींपुरतंच मोजायचं: हापसा, दिवा, गटार, अंगणवाडी, एसटीचा थांबा.

ई-ग्रामस्वराजवरचे आराखडे पाहायला लॉगिन लागत नाही. जिल्हा, तालुका आणि गाव निवडून पालकांनीही एकदा आपल्या गावाचा आराखडा उघडावा आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेला जाताना मुलांनी केलेला हापशांचा नकाशा सोबत न्यावा.