ईस्टरची पहिली साक्ष बायकांची



वावरातला गहू-हरभरा सोंगून होतो, ऊन तापायला लागतं, आणि आपल्या ख्रिस्ती शेजारणींचा मोठा सण येतो. ईस्टर. मराठी चर्चमध्ये त्याला पुनरुत्थानाचा रविवार म्हणतात. यवतमाळला ख्रिस्ती समाज नवा नाही. फ्री मेथडिस्ट मिशनचं काम इथे इंग्रजांच्या काळापासून आहे. युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मशिक्षणाचं कॉलेज १९५३ साली यवतमाळातच सुरू झालं आणि १९८३ मध्ये पुण्याला गेलं. तरी आपल्याला नाताळ माहीत असतो, ईस्टर मात्र माहीत नसतो. म्हणून आज या सणातल्या खुणांचा अर्थ पाहू.

आधी तारखेचं बघू. ईस्टर दरवर्षी वेगळ्या दिवशी येतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार घ्यायचा. म्हणजे बहुतेक वर्षी आपली हनुमान जयंतीची पौर्णिमा, एखाद्या वर्षी होळीची. पौर्णिमाच का? कारण यहुदी लोकांचा वल्हांडण सण पौर्णिमेला येतो. त्यांचे पूर्वज मिसर देशात गुलाम होते. सुटकेच्या रात्री प्रत्येक घराने कोकरू कापलं आणि त्याचं रक्त दाराच्या चौकटीला लावलं. ती खूण पाहून मृत्यू ते घर ओलांडून गेला, अशी कथा आहे. येशूला वधस्तंभावर दिलं ते याच सणाच्या दिवसांत. म्हणून ख्रिस्ती लोक त्याला देवाचं कोकरू म्हणतात. ही खूण गुलामीतून सुटकेची.

दुसरी खूण पेंढीची. वल्हांडणाच्या आठवड्यातच जवाच्या नव्या पिकाची पहिली पेंढी देवापुढे आणायची रीत होती. त्याआधी नवं धान्य कोणी तोंडात घालत नसे. पुढे संत पौलाने लिहिलं, की मेलेल्यांतून उठलेला ख्रिस्त म्हणजे ते पहिलं पीक आहे. शेतकरणीला हे फोड करून सांगावं लागत नाही. पहिली पेंढी हातात आली, म्हणजे मागे सगळं वावर उभं आहे. येशूनेही गव्हाच्या दाण्याचं उदाहरण दिलं होतं: दाणा मातीत गेला नाही तर तो एकटाच राहतो, गेला तर पुष्कळ पीक देतो.

तिसरी खूण धोंडेची. शुक्रवारी येशूचा मृत्यू झाला. सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, सुरू होणार होता, म्हणून घाईघाईत त्याला कबरीत ठेवलं. रविवारी भल्या पहाटे काही बाया सुगंधी द्रव्यं घेऊन कबरीकडे निघाल्या. मार्कच्या शुभवर्तमानात तिघींची नावं आहेत: मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे. वाटेत त्यांना एकच चिंता होती, कबरीच्या तोंडावरची मोठी धोंड कोण सरकवणार? उत्तर नव्हतं, तरी त्या चालत राहिल्या. पोचल्या तेव्हा धोंड बाजूला झालेली होती. माणसाच्या हाताने न उघडणारं दार देव उघडतो, असा या धोंडेचा अर्थ सांगतात.

चौथी खूण बागेची. ती कबर एका बागेत होती. योहानाच्या शुभवर्तमानात मग्दालीया मरीया तिथे रडत उभी आहे. समोर येशू आहे, पण तिला वाटतं हा माळी असेल. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा तिने ओळखलं. बायबलच्या सुरुवातीलाही एक बाग आहे, एदेनची. तिथल्या चुकीचा दोष लोक हव्वेवर, म्हणजे बाईवर, टाकत आले. इथे बागेतलीच आनंदाची बातमी आधी बाईच्या हाती दिली, आणि जाऊन सगळ्यांना सांग म्हणून तिला पाठवलं.

मग लोकांनी ऐकलं का? लूक लिहितो, शिष्यांना बायांचं बोलणं वायफळ वाटलं. त्या काळी यहुदी न्यायसभेत बाईची साक्ष साधारणपणे धरतच नसत. तरी चारही शुभवर्तमानांत कबरीपाशी मग्दालीया मरीयेचं नाव आहे. लिहिणाऱ्यांनी ते गाळलं नाही.

पण पुढे तिच्या वाट्याला काय आलं तेही ऐका. तिने आणि इतर बायांनी आपल्या पैशाने येशूच्या मंडळींचा खर्च चालवला, असं लूक सांगतो. ती वाईट चालीची होती असं बायबलमध्ये कुठेच नाही. ५९१ साली पोप ग्रेगरी यांनी प्रवचनात तिची आणि दुसऱ्या एका पापी बाईची गाठ घातली, आणि तोच शिक्का शेकडो वर्षं टिकला. कॅथलिक चर्चच्या १९६९ च्या पंचांगात ही सरमिसळ काढली गेली. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत आणलं, साध्या बाईलाही समजावं म्हणून. ते काम संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. १९२४ साली ते पुस्तक केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं. तिथे काम करणाऱ्या बायाच होत्या.

मैत्रिणींनो, ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायचा नियम आहे. तिथे एखादी बाई पाण्याचं, दारूचं, रेशनचं सांगते, आणि कोणीतरी म्हणतं, बायांचं काय ऐकायचं! अशा वेळी तिचं म्हणणं ठरावात लिहून घ्या, खाली तिचं नाव घाला. लिहिलं म्हणूनच मरीयेची साक्ष आपल्यापर्यंत आली.

आणि या ईस्टरला ख्रिस्ती शेजारणीकडे जरूर जा. तिच्या घरी पहाटेची प्रार्थना कशी होते ते विचारा. ती आनंदाने सांगेल.